फुटला की फोडला?

गेल्या महिन्यात आमच्या घरातले दोन कप गेले. पहिला माझ्या हातून. चहा ओतून घेऊन वळलो, बशीवरून कप घसरला आणि फरशीवर त्याची शकलं झाली. बाहेरच्या खोलीतून बायकोनं विचारलं, ‘‘काय झालं?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही, कप फुटला.’’ दुसरा आठवडाभरानं गेला, भांड्यांना येणाऱ्या मावशींच्या हातून. तीच फरशी, तोच सेट, आवाजही तोच. संध्याकाळी बायकोला ही बातमी देताना माझ्या तोंडून जे वाक्य निघालं ते असं : ‘‘मावशींनी आणखी एक कप फोडला.’’

त्यातलं ‘आणखी एक’ बघा. पहिला कप माझा होता, पण हिशेबात तोही मावशींच्या खाती गेला.

मी आयुष्यभर वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसून दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली. माझं हे वाक्य मात्र रात्री अंथरुणावर पडल्यावर खटकलं, आणि झोप गेली ती फुटणे-फोडणे या जोडीपायी.

ही जोडी जुनी आहे. संस्कृतातला स्फुट् हा धातू. त्याच्या ‘स्फुट्यते’ या रूपाचं प्राकृतात ‘फुट्टइ’ झालं. तिथला ट जोडाक्षरात होता म्हणून टिकला, आणि मराठीत ‘फुटणे’ आलं. ‘स्फोटयति’ या रूपातला ट मात्र दोन स्वरांच्या मधे एकटा सापडला, मऊ पडला, त्याचा ड झाला. त्यातून ‘फोडणे’. तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे, सुटणे-सोडणे ही याच घडणीची भावंडं. ट आला की गोष्ट आपली आपण घडते. ड आला की ती कुणीतरी केलेली असते. एवढ्या एका अक्षरावर आपल्याकडे आरोपी ठरतो.

हे व्याकरण कुणाला शिकवावं लागत नाही. तीन-साडेतीन वर्षांचं पोर फुटलेल्या बरणीशेजारी उभं राहून सांगतं, ‘‘मी नाही फोडली, फुटली.’’ त्याला कर्मणी-कर्तरी कळत नाही, पण ट आणि ड यांच्यात कुठला ओरडा वाचवेल हे नेमकं कळतं. मोठेपणी आपण तेच करतो, फक्त जरा सरकारी भाषेत. ‘अनवधानाने चूक झाली आहे’ असं ज्या पत्रात लिहिलेलं असतं, त्या पत्रात चूक करणारा माणूस कुठेच नसतो. चूक पावसासारखी झालेली असते.

आणि नुसती भांडीकुंडीच नाही. स्वतःच्या मनाबद्दल बोलताना मराठी माणूस जवळजवळ कधीच कर्ता नसतो. मला राग येतो. मला झोप लागते. मला कंटाळा येतो. मला विसर पडतो. मला उशीर होतो. राग, झोप, कंटाळा हे सगळे पाहुणे. ते येतात, लागतात, पडतात, आणि मी बिचारा चतुर्थीत दारापाशी उभा. शेजारच्यांचं बोलायची वेळ आली की मात्र हेच पाहुणे घरमालक होतात. तो रागीट आहे. ती झोपाळू आहे. तो विसराळू आहे. त्याला वेळेचं भान नाही. मला आलेला राग तासाभरात जातो. रागीट माणूस झोपेतसुद्धा रागीटच असतो.

मराठीनं या कामासाठी प्रत्ययांचं अख्खं दुकान मांडून ठेवलंय. चिडला त्याचा चिडका, रडला त्याचा रडका, भ्याला त्याचा भित्रा, उधळलं त्याचा उधळ्या, खोटं बोलला त्याचा खोटारडा. फारसीतून ‘खोर’ घेतला. खोर म्हणजे खाणारा. हराम खाणारा हरामखोर आणि लाच खाणारा लाचखोर, इथवर ठीक, तिथे खरोखरच काहीतरी खाल्लेलं असतं. पण आपण भांडणाऱ्याला भांडखोर केलं आणि चहाडी करणाऱ्याला चहाडखोर. भांडण हा एखाद्या दुपारचा प्रसंग. ‘खोर’ लावला की ते त्या माणसाचं रोजचं जेवण झालं.

मानसशास्त्राला ही गोष्ट सापडायला विसावं शतक उजाडावं लागलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 साली तिला नाव दिलं. त्याचा मराठीत अर्थ सांगायचा तर, दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना आपण प्रसंगाकडे काणाडोळा करतो आणि सगळं त्याच्या स्वभावावर ढकलतो. पाठ्यपुस्तकांतून यासाठी ‘आरोपण’ हा शब्द वापरतात आणि तो मला फार आवडतो. आरोप, आरोपण, रोप, वृक्षारोपण हे सगळे एका रुह् धातूचे. रुह् म्हणजे वाढणं, उगवणं. त्याचं प्रयोजक रूप म्हणजे लावणं, रोवणं. आरोप करणं म्हणजे मुळात दुसऱ्याच्या अंगावर एक रोप लावून येणं. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमातली रोपं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बहुतेक वाळतात. या दुसऱ्या प्रकारच्या रोपांना पाणीसुद्धा घालावं लागत नाही.

आता कुणी म्हणेल, माणसाला माणसाच्या स्वभावात बघायचं ही पाश्चात्त्य खोड. आपल्याकडे माणूस नेहमी नात्यागोत्यात, परिस्थितीत बघतात. याला पुरावाही आहे. जोन मिलर या अभ्यासिकेनं शिकागोतले अमेरिकन आणि म्हैसूरमधले हिंदू यांची तुलना केली. ती 1984 साली प्रसिद्ध झाली. त्यातला एक प्रसंग असा : एक वकील मोटरसायकलवर मागे एकाला बसवून चाललाय. अपघात होतो, मागचा जखमी होतो. वकील त्याला इस्पितळात पोचवतो आणि तसाच कोर्टात निघून जातो. जखमी माणूस पुढे दगावतो. तो असा का वागला? अमेरिकनांची उत्तरं बहुतेक वकिलाच्या अंगच्या गुणदोषांवर आली, बेजबाबदार असेल वगैरे. म्हैसूरकरांनी परिस्थिती मांडली : कोर्टात अशिलासाठी हजर राहणं त्याचं कर्तव्य होतं, तो गोंधळला असेल, जखम वरून तितकी गंभीर दिसली नसेल. मिलरनं लहान मुलांनाही विचारलं. आठ वर्षांची मुलं दोन्हीकडे पुष्कळशी सारखीच बोलत होती. वय वाढत गेलं तसा फरक रुंदावत गेला. म्हणजे कुठलं क्रियापद उचलायचं हे आपण मोठे होता होता आपल्या माणसांकडून शिकतो.

हे वाचून मलाही क्षणभर बरं वाटलं. मग आठवलं, ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण म्हैसूरहून फार लांब नसलेल्या आमच्याच भाषेत आहे. आणि दुसरा एक अभ्यास आठवला, त्याच्याही आधीचा, 1974 सालचा. टेलर आणि जग्गी यांनी दक्षिण भारतात काही हिंदूंना छोटे छोटे प्रसंग दिले. एका दुकानदाराचा व्यवहार. पावसात अडकलेल्याला कुणी घरात घेतलं किंवा नाही घेतलं. प्रसंग तेच, फक्त त्यातला माणूस कधी हिंदू, कधी मुसलमान. हिंदू माणूस चांगलं वागला की ते त्याच्या अंगचं. वाईट वागला की परिस्थितीनं घडलेलं. मुसलमान माणसाच्या बाबतीत हिशेब उलटा. माझ्या भाषेत सांगायचं तर आपल्या माणसाचा कप फुटतो आणि परक्या माणसाचा फोडला जातो. म्हैसूरच्या लोकांची वकिलावरची दया खरी होती, पण ती सगळ्यांना सारखी वाटायची गोष्ट नव्हती.

माणसं मुळात वाईट असतात म्हणून हे घडतं असं मला वाटत नाही. घाई हे त्याचं मोठं कारण. घाईसाठी आपल्याकडे सुंदर शब्द आहे, अंदाज. मूळ फारसी, ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणं. तीर फेकणारा तीरंदाज, तोफेचा गोळा फेकणारा गोलंदाज. क्रिकेट आलं तेव्हा मराठीनं तोफखान्यातला हा माणूस उचलून मैदानावर आणला आणि त्याच्या जोडीला ‘फलंदाज’ बनवून टाकला. फारसीच्या नियमानं पाहिलं तर फलंदाज म्हणजे फळी फेकून मारणारा, पण ते असो. अंदाज बांधणं म्हणजे मुळात एक फेक आहे. नेम धरायला वेळ नाही, वस्तू अंधारात आहे, दगड तर टाकून बघू. लागला तर लागला.

दुसरा शब्द ठोकताळा. ठोक म्हणजे ढोबळ, घाऊक. ताळा म्हणजे हिशेब बरोबर आला का ते पडताळणं. आमच्या लहानपणी गुणाकाराचा ताळा पाहायची रीत होती. 34 गुणिले 12 बरोबर 408. आता 34 मधले आकडे मिळवा, 7. बाराचे मिळवले, 3. सातत्रिक एकवीस, त्याचे 3. उत्तरातले मिळवा, 4 आणि 8, बारा, त्याचे 3. जुळलं. मास्तर वहीवर बरोबरची खूण करून पुढच्या पोराकडे. मला हा ताळा जादूसारखा वाटायचा, आणि एकदा त्याच जादूनं मला तारलं. घाईत मी 408 च्या जागी 480 लिहून ठेवलं होतं. मास्तरांनी ताळा पाहिला. 4 आणि 8, बारा, त्याचे 3. जुळलं. बरोबरची खूण.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांचा अनिश्चिततेतल्या निर्णयांवरचा लेख 1974 सालचा. कानेमनना पुढे 2002 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तोवर ट्वर्स्की हयात नव्हते. त्या दोघांनी जे मांडलं ते मला ताळ्याच्या त्या गणितात दिसतं. मन पूर्ण गुणाकार करत नाही, ताळा पाहतं. बहुतेक वेळा भागतं. पण काही विशिष्ट चुका अशा असतात की त्या ताळ्याला दिसतच नाहीत, आणि त्या दर वेळी त्याच जागी होतात. त्यांच्या लेखातलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एक बुजरा, नीटनेटका, बारकाईनं वागणारा माणूस. तो ग्रंथपाल असेल की शेतकरी? लोक ग्रंथपाल म्हणतात. शेतकरी संख्येनं किती जास्त आहेत याचा विचारच होत नाही, कारण चित्र जुळलं की ताळा जुळला.

आपली ‘शितावरून भाताची परीक्षा’ हीच युक्ती सांगते आणि भातासाठी ती अगदी खरी आहे. एका पातेल्यात, एका पाण्यात, एका आचेवर शिजलेले तांदूळ असतात ते. एक शीत चेपून पाहिलं की बाकीच्यांची खात्री. माणसांच्या बाबतीत ही म्हण वापरताना आपण गृहीत धरतो की ती सगळी एकाच पातेल्यातली आहेत.

अंदाज फेकला की पुढे त्याचा ग्रह होतो. ‘त्याच्याविषयी माझा वाईट ग्रह झाला’ असं आपण म्हणतो तेव्हा आकाशातला मंगळ-शनी मनात नसतो, पण शब्द तोच आहे. ग्रह् म्हणजे पकडणं. आपलं रोजचं ‘घेणे’ याच कुळातलं, दुकानातलं गिऱ्हाईक याच कुळातलं. आकाशातले ते ग्रह म्हणजे माणसाला पकडणारे. सूर्याला राहू पकडतो ते ग्रहण, आणि लहान मुलांना पकडणाऱ्या बालग्रहांची तर सुश्रुतसंहितेत नऊ नावं आहेत. आमच्या गल्लीत ग्रहणाच्या दिवशी ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी यायची आणि आजी सुपातून धान्य घेऊन ओट्यावर जायची. आकाशातलं गिराण सुटायची वेळ पंचांगात छापलेली असते. मनातल्या ग्रहाला मोक्षकाळ नाही.

पण मला यात खरी मेख दिसते ती क्रियापदात. ग्रह ‘झाला’. मी केला असं कुणी म्हणत नाही. गैरसमज झाला, मत झालं, मन कलुषित झालं, संशय आला. दुसऱ्यानं कप फोडला हे मी ठामपणे सांगतो, आणि त्याच्याबद्दल मी मनात जे काही करून ठेवलं ते मात्र माझ्या हातून आपोआप फुटलेलं असतं.

ग्रह पक्का झाला की त्यावर शिक्कामोर्तब. शिक्का अरबी, नाणी पाडायचा ठसा. मराठेशाहीतल्या कागदावर वर शिक्का असे आणि मजकूर संपला की तळाशी मोर्तब, म्हणजे आता यापुढे कुणी एक अक्षर वाढवू नये. हीच कल्पना पश्चिमेत छापखान्यातून आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मुद्रक फर्मां दिदो आणि त्यांच्या बरोबरीचे लोक जुळवलेलं अख्खं पान धातूच्या एका पत्र्यात ओतू लागले, त्याला स्टिरिओटाइप म्हणत. पत्रा ओतला की सुटा खिळा बदलता येत नाही. वॉल्टर लिपमन या पत्रकारानं 1922 साली ‘पब्लिक ओपिनियन’ या पुस्तकात हा शब्द माणसांविषयीच्या ठोकळेबाज कल्पनांसाठी वापरला आणि तो रूढ झाला. मुद्रकांच्या धंद्यातला शब्द पत्रकाराच्या हाती लागला, यात नवल नाही. साचा, छाप, ठसा, शिक्का हे शब्द आपल्याकडे आधीपासून होतेच.

शब्दकोशात शिवीच्या जागी बसलेले कितीतरी शब्द पाहिले की असे ओतलेले पत्रे हाती लागतात. ‘बदमाश’ घ्या. बद म्हणजे वाईट, माश म्हणजे उपजीविका. ज्याचं पोट भरायचं साधन बरं नाही तो. त्यातल्या ‘मआश’चं मूळ अरबीत जगण्याशी जोडलेलं आहे, आपण ऐषोआरामातली ऐष म्हणतो ती त्याचीच बहीण. एकाचं जगणं ऐष झालं, दुसऱ्याचं बदमाशी. ‘मवाली’ हे अरबी ‘मौला’चं अनेकवचन. अरब टोळीच्या आश्रयानं राहणारे, बरेचदा अरबेतर, नव्यानं धर्मात आलेले लोक म्हणजे मवाली. मौलाना आणि मौलवी त्याच मुळाचे, ते आदराच्या बाकावर बसले आणि मवाली नाक्यावर.

‘पाखंड’ची गोष्ट तर चटका लावणारी. गिरनारच्या शिलालेखात अशोकानं ‘पासंड’ हा शब्द सर्व धर्मपंथांसाठी वापरलाय, कुठलाही कमीपणा न आणता. बारावा लेख याच विषयावर आहे : आपल्या पंथाची उगीच बढाई नको, दुसऱ्याच्या पंथाची निंदा नको, त्याचाही मान राखावा. पुढे ‘आमचा तो धर्म, तुमचं ते पाखंड’ अशी वाटणी झाली, आणि ज्या शब्दानं अशोकानं परक्यांचा मान राखायला सांगितला तोच परक्यांवर भिरकावला जाऊ लागला. स्वतः अशोकही सुटला नाही. ‘देवानांप्रिय’ ही त्याची पदवी. भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धांतकौमुदीत त्याच शब्दाचा अर्थ मूर्ख असा दिलेला आहे.

हे शब्द दूरचे आहेत. अरबस्तानातले मवाली किंवा मौर्यांचे पासंड आज कुणाच्या दारात येऊन उभे राहत नाहीत. ‘भामटा’ हा शब्द तसा नाही.

मराठी शब्दकोशात भामटा म्हणजे ठक, खिसेकापू, फसवून लुबाडणारा. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 14 नावं आहेत : बेरड, रामोशी, कैकाडी, वडार, छप्परबंद वगैरे. त्यात ‘भामटा’ आहे आणि ‘राजपूत भामटा’ही. भामटा या नोंदीच्या पोटात पुन्हा पाथरूट, टकारी, उचले आणि घंटीचोर. शासनाच्या शिक्क्यानिशी मिळणाऱ्या दाखल्यावर यातलं एखादं नाव येतं. घंटीचोर हे नाव एखाद्या घराला मिळतं तेव्हा त्या घरातलं कोण, कधी, कुठल्या देवळातली घंटा घेऊन गेलं होतं हे कुणी विचारत नाही. एक भांडण झालं की भांडखोर, तसंच हे, फक्त इथे प्रत्यय पिढ्यान्‌पिढ्यांना लागला.

याच यादीतल्या ‘टकारी’कडे मात्र नीट बघा. टाकी म्हणजे दगडाला टोचे मारायची छिन्नी. जातं दळून दळून गुळगुळीत झालं की पीठ जाड यायला लागतं, पाटा झिजला की वाटण वाटलं जात नाही. मग टाकी लावून घ्यायची. आमच्या वाड्यात दुपारी एक बाई यायची, कडेवर मूल, पदरात टाकी आणि हातोडी. आजी पाटा बाहेर आणून द्यायची. बाई मूल बाजूला बसवून पाट्यावर ओणवी व्हायची आणि वरच्या टोकापासून ओळीनं टोचे घेत यायची, टक टक टक, इतके सारखे की शेतातल्या पेरणीच्या ओळी वाटाव्यात. डोळे बारीक केलेले, दगडाचा भुगा उडतो म्हणून. शेवटी पाट्यावर पाणी ओतून पदरानं पुसायची आणि आजी त्यावर हात फिरवून बघायची. पसाभर धान्य आणि वर एखादा आणा. आजीनं त्या बाईला कधी पाणी नाकारलं नाही. पण ती वाड्यात असेपर्यंत माजघराचं दार ओढून घेतलेलं असायचं, हे मला आता आठवतं. तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

एकाच लोकांची दोन नावं. एक त्यांच्या हातातल्या हत्यारावरून, एक लोकांच्या मनातल्या भीतीवरून. यादीत दुसरं वर बसलं आणि पहिलं त्याच्या पोटात.

यादीचा उगम 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. इंग्रज अधिकाऱ्यांचा युक्तिवाद साधा होता : हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तेव्हा चोराचा मुलगा चोर होणारच. ठोकताळा त्यांनी इथल्याच जातिव्यवस्थेकडून उसना घेतला आणि कायद्याच्या पत्र्यात ओतला. जमातीचं नाव नोंदवलं की प्रत्येकाची हजेरी, गाव सोडायला परवाना. कप कुणी फोडला हा प्रश्नच उरला नाही. फुटायच्या आधीच फोडणारे ठरलेले. मुंबई इलाख्यात वसाहती उभ्या राहिल्या, तारेच्या कुंपणातल्या. सोलापुरात आजही ‘सेटलमेंट’ म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला. ज्या जमाती त्यातून सुटल्या त्या ‘विमुक्त’. सुटणे-सोडणे या जोडीतलं कुठलं रूप इथे लावावं हे मला ठरवता येत नाही.

लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला 1988 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांनी शिवीच पुस्तकाच्या कपाळावर लावली. इंग्रजी अनुवादाचं नाव ‘द ब्रँडेड’, डागलेला. मराठी नाव त्या माणसावर काय ठपका होता ते सांगतं, इंग्रजी नाव तो ठपका कुणीतरी ठेवला होता ते सांगतं. पुन्हा ट आणि ड.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरीही डेस्कवर असताना ‘भामटा’ हा माझा आवडता शब्द होता. कारण अगदीच धंद्यातलं. एका कॉलमच्या मथळ्यात बसतो. ‘पोलिस असल्याची बतावणी करून फसवणूक करणाऱ्या अज्ञात इसमाने’ एवढ्या ऐवजी ‘भामट्याने’. उभ्या महाराष्ट्रात रोज कुठेतरी हा मथळा असतोच, आजही उघडून पाहा.

आमच्याकडे पानं लावायला एक नवी मुलगी आली होती. कामाला चोख, बोलणं कमी. तिच्या रुजू होण्याच्या कागदपत्रांचा गठ्ठा दोन दिवस माझ्या टेबलावर पडून होता आणि त्यात दाखल्याची झेरॉक्स वरच होती. मी वाचली, बाजूला ठेवली. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी शहर पानावर बातमी आली. बाजारातून परतणाऱ्या आजींना दोघांनी अडवलं, पुढे चोरी झालीय, दागिने काढून पिशवीत ठेवा म्हणाले, आणि पिशवी बदलली. मी सवयीनं मथळा लिहून दिला. ती टाइप करत होती आणि मी तिच्या खुर्चीमागे उभा होतो. भ ला काना, म, ट्य ला काना, वर अनुस्वार, नी. बोटं थांबली नाहीत, मान वळली नाही. ‘‘सर, सिंगल कॉलमच ना?’’ एवढंच विचारलं.

मी म्हटलं, थांब जरा. खुर्चीवर येऊन बसलो आणि दुसरा शब्द शोधू लागलो. ठग? त्यालाही एक लांबलचक फाइल आहे, इंग्रजांच्याच कपाटातली. उचल्या नको. लुटारू म्हणावं तर लूट नव्हती. ‘चोरट्यांनी’ चालला असता, पण अक्षरं वाढत होती आणि पान जायला वीस मिनिटं होती. शेवटी कर्ताच काढून टाकला. कोण ते माहीत नव्हतंच, मग नाव कशाला ठेवायचं.

‘वृद्धेचे दागिने लंपास.’

तिनं जुना मथळा खोडला, नवा टाइप केला, अक्षरांमधली जागा थोडी आवळली. ‘‘बसलं,’’ म्हणाली, आणि पुढची बातमी ओढून घेतली.